चित्रे काढून पोट भरते का?



तुमच्या वर्गात एक तरी मुलगा किंवा मुलगी अशी असेलच, की जिच्या वहीच्या शेवटच्या पानावर कच्च्या आकडेमोडीपेक्षा चित्रेच अधिक असतात. कदाचित ती व्यक्ती तुम्हीच असाल. घरी पाहुणे आले की ही चित्रे कौतुकाने दाखवली जातात. पण दहावीचे वर्ष जवळ आले, की कौतुक करणारे काकाच विचारतात, "अरे, पण चित्रे काढून पोट भरते का?"

प्रश्न रास्त आहे. तो विचारला म्हणून काकांवर रागावण्याचे कारण नाही. त्याचे उत्तर मात्र 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही. व्यंगचित्रे, चित्रकथा आणि पुस्तकांतील चित्रे काढून आयुष्यभर संसार चालवणारी माणसे आहेत. ती या कामात कशी आली, रोज काय करतात आणि कुठे फसतात, हे पाहिले म्हणजे उत्तर तुमचे तुम्हालाच देता येईल.

एक नव्हे, चार कामे

'चित्रकार' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कॅनव्हाससमोर उभा असलेला कलावंत येतो. छापील पानासाठी चित्रे काढणाऱ्यांचे काम त्याहून वेगळे असते आणि त्याचे ढोबळ मानाने चार प्रकार पडतात.

पहिला व्यंगचित्रकार. तो एकाच चौकटीत एक विचार मांडतो. दुसरा बोधचित्रकार. कथा, कविता किंवा धडा लिहिलेला असतो, त्याला साजेसे चित्र हा काढतो. तिसरा चित्रकथाकार. तो चौकटींमागून चौकटी काढून गोष्टच चित्रांत सांगतो. आणि चौथा, ज्याची आठवण सहसा कोणाला होत नाही, तो शास्त्रीय चित्रकार. तुमच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातील हृदयाचा छेद, पक्ष्यांच्या पुस्तकातील रंगीत पाने, यंत्राची आतली रचना ही सारी याची करामत.

छायाचित्रे निघू लागल्यावर शास्त्रीय चित्रकाराची गरज उरली नसेल, असे तुम्हाला वाटेल. पण जरा विचार करा. छायाचित्रात जे समोर आहे ते सगळे येते: पक्ष्याच्या अंगावरची सावली, मध्ये आलेली फांदी, विसकटलेले एखादे पीस. चित्रकार मात्र त्या जातीची ओळख पटवणाऱ्या खुणा तेवढ्या निवडून स्पष्ट दाखवतो. शरीराचे थर एकामागून एक उलगडून दाखवणे तर कॅमेऱ्याला फारच अवघड. म्हणूनच अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९११ मध्ये मॅक्स ब्रोडेल या चित्रकाराच्या हाताखाली वैद्यकीय चित्रकलेचा स्वतंत्र विभाग सुरू झाला.

चित्रकथेचे पान कसे तयार होते?

समजा, तुम्हाला मुगाचे दाणे रुजतात कसे हे चार चौकटींत सांगायचे आहे. काम करणारा चित्रकार लगेच कागदावर मूग काढायला बसत नाही. तो आधी चार ओळी लिहितो: पहिल्या चौकटीत काय घडेल, दुसऱ्या चौकटीत काय घडेल. ही झाली संहिता. मग आगपेटीएवढ्या छोट्या चौकटी आखून त्यात काड्यामाणसांसारखी ढोबळ चित्रे काढतो. कोणती गोष्ट जवळून दाखवायची, कोणती लांबून, कुठे मोकळी जागा ठेवायची, याचा निर्णय या छोट्या आराखड्यातच होतो. येथे चूक सापडली तर पाच मिनिटे वाया जातात. पूर्ण झालेल्या पानात सापडली तर दोन दिवस.

त्यानंतर मोठ्या कागदावर पेन्सिलीचे काम, त्यावर शाईचे काम, मग अक्षरे आणि शेवटी रंग. मोठ्या संस्थांत ही कामे वेगवेगळी माणसे करतात. 'अमर चित्र कथा' ही मालिका १९६७ साली सुरू झाली. तिचे संपादक अनंत पै यांनी रसायन-तंत्रज्ञानाचे शिक्षण घेतले होते. 'कृष्ण' या त्यांच्या पुस्तकाची संहिता पै यांची, तर चित्रे राम वाईरकर यांची. चित्रकथेच्या धंद्यात उत्तम लिहिणाऱ्याला आणि उत्तम काम जुळवून आणणाऱ्यालाही जागा असते, हे यावरून लक्षात येईल.

आता संवादांच्या फुग्यांचे पाहा. आपण डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वाचतो. म्हणून जो आधी बोलतो तो डावीकडे हवा आणि त्याचा फुगा थोडा वर हवा. हे विसरले, की वाचक उत्तर आधी वाचतो आणि प्रश्न नंतर! जपानी चित्रकथा उजवीकडून डावीकडे वाचतात, तेव्हा तिथे ही सारी मांडणी उलटी असते. फुग्यासाठी जागा चित्र काढण्यापूर्वीच राखून ठेवावी लागते. नाहीतर नायकाचे डोके फुग्याखाली जाते.

रेषा, शाई आणि डोळा

छापील चित्राला भौतिकशास्त्राचे नियम पाळावे लागतात. पूर्वी रेषाचित्राचा फोटो घेऊन तो प्रकाशाने बदलणारा लेप दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर उतरवीत. मग आम्लाने रेषांखेरीजचा भाग खाऊन टाकला, की रेषा उठून राहत आणि त्यांना शाई लागे. हाच ब्लॉक. या पद्धतीला फक्त काळे आणि पांढरे कळे, करडे कळत नसे. म्हणून चित्रकार गडद काळी शाई वापरीत आणि सावली दाखवायला जवळजवळ समांतर रेषा ओढीत.

शिवाय चित्र छापायच्या आकारापेक्षा मोठे काढण्याची पद्धत होती. समजा, मूळ चित्र ३० सेंटिमीटर रुंद आहे आणि पानावर ते २० सेंटिमीटरचे होणार आहे. म्हणजे प्रत्येक माप दोन-तृतीयांश होणार. ०.३ मिलिमीटर जाडीची रेषा ०.२ मिलिमीटरची होईल. हाताची बारीकशी थरथरही लहान होऊन झाकली जाईल. पण तेच चित्र १० सेंटिमीटरवर आणले तर? सावलीच्या रेषांमधील अर्ध्या मिलिमीटरचे अंतर ०.१७ मिलिमीटरच उरेल. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई थोडी पसरते, आणि सावलीच्या जागी काळा डाग दिसतो. आज चित्रे संगणकात स्कॅन होतात किंवा थेट पडद्यावरच काढली जातात. तरी हे गणित बदललेले नाही. आता तर तेच चित्र भिंतीवरच्या फलकावर आणि हातातल्या मोबाइलवरही दिसावे लागते.

मग छापील चित्रात करडे आणि रंगीत भाग येतात कुठून? येथे आपल्या डोळ्याची मर्यादा उपयोगी पडते. दोन बिंदू डोळ्याशी एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा लहान कोन करीत असतील, तर सामान्य डोळ्याला ते वेगळे दिसत नाहीत. ३० सेंटिमीटर अंतरावर हे माप सुमारे ०.०९ मिलिमीटर येते. छापताना रंगांचे लहानमोठे ठिपके उमटवतात आणि आपला डोळा त्यांचे मिश्रण करतो. निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चारच शायांतून सगळे रंग भासवले जातात.

करून पाहा: वर्तमानपत्रातील रंगीत चित्र भिंगातून बघा. चार रंगांचे ठिपके सुटे दिसतील. वर्तमानपत्रात दोन ठिपक्यांत साधारण ०.३ मिलिमीटर अंतर असते. हे अंतर डोळ्याशी एका अंशाचा साठावा भाग एवढा कोन करते ते सुमारे एक मीटरवरून. कागद भिंतीला लावून हळूहळू मागे सरका आणि ठिपके कुठे नाहीसे होतात ते मोजा. तुमच्या आणि मित्राच्या मापात फरक पडेल. तो का पडला, याचाही विचार करा.

या वाटेने कोण कोण आले?

या कामाला एकच दरवाजा आहे असे समजू नका. काही उदाहरणे पाहू.

आर. के. लक्ष्मण यांचा जन्म १९२१ सालचा, म्हैसूरचा. त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेशासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. त्यांनी म्हैसूरलाच बी.ए. केले. थोरले बंधू आर. के. नारायण यांच्या कथांसाठी ते चित्रे काढीत होते. पुढे 'फ्री प्रेस जर्नल' आणि नंतर 'टाइम्स ऑफ इंडिया'त त्यांनी पन्नासहून अधिक वर्षे काम केले. त्यांचा चौकटीच्या कोटातला 'कॉमन मॅन' तुम्ही पाहिलाच असेल. कावळा हा त्यांचा अत्यंत आवडता पक्षी. लहानपणापासून ते कावळे निरखीत आणि काढीत आले.

शि. द. फडणीस यांना मात्र त्याच जे. जे.चा दरवाजा उघडा मिळाला. तेथे त्यांनी उपयोजित कलेचे शिक्षण घेतले. त्यांची हास्यचित्रे बहुधा शब्दांवाचून बोलतात. पण तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की प्राथमिक वर्गांच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांसाठीही त्यांनी चित्रे काढली. बेरीज-वजाबाकीच्या पानावर मुले हसू लागली, हे काम काही लहान नव्हे.

मारिओ मिरांडा लहानपणी गोव्यातील लोटली येथील घराच्या भिंतींवर चित्रे काढू लागले, तेव्हा आईने त्यांना कोरी वही आणून दिली. पुढे ते चित्रांची दैनंदिनीच ठेवू लागले. गावातली माणसे, लग्ने, जेवणावळी हे सारे त्या वह्यांत उतरले. महाविद्यालयात त्यांनी इतिहास घेतला होता. त्यांच्या चित्रांतील गर्दीत प्रत्येक चेहरा वेगळा असतो, त्याचे मूळ या वह्यांत आहे.

गोव्याचेच दीनानाथ दलाल. जे. जे.मध्ये शिकून त्यांनी असंख्य मराठी पुस्तकांची मुखपृष्ठे रंगवली आणि १९४५ मध्ये 'दीपावली' हा स्वतःचा अंक सुरू केला. म्हणजे चित्रकार स्वतः प्रकाशकही होऊ शकतो.

आता परदेशात जाऊ. जपानच्या ओसामू तेझुका यांना लहानपणी किड्यांचा नाद होता. भुंगेऱ्याच्या एका जातीचे जपानी नाव 'ओसामुशी'. ते आपल्या नावाशी जुळते म्हणून त्यांनी टोपणनावात 'कीटक' या अर्थाचे अक्षर जोडून घेतले. ते वैद्यकशास्त्र शिकले, १९६१ मध्ये गोगलगाईच्या पेशींवरील संशोधनासाठी डॉक्टरेटही मिळवली. पण आयुष्य घालवले ते चित्रकथांत. वैद्यकाचे ज्ञान वाया गेले का? मुळीच नाही. 'ब्लॅक जॅक' या त्यांच्या गाजलेल्या मालिकेचा नायक शल्यचिकित्सक आहे.

याच्या उलट वाट स्पेनच्या सांतियागो रामोन ई काहाल यांची. त्यांना चित्रकार व्हायचे होते, वडिलांना मुलगा डॉक्टर हवा होता. वडिलांनी त्याला हाडांची चित्रे काढायला लावली आणि मुलाला शरीररचनेची गोडी लागली. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांनी मेंदूतील पेशींची चित्रे काढली. त्यांना १९०६ चे नोबेल पारितोषिक कामिलो गोल्जी यांच्याबरोबर मिळाले. त्यांची चित्रे आजही पुस्तकांत छापली जातात.

आणि अमेरिकेचे चार्ल्स शुल्झ. शाळेच्या वार्षिक अंकासाठी दिलेली त्यांची चित्रे नाकारली गेली. पत्राद्वारे चालणाऱ्या चित्रकलेच्या अभ्यासक्रमातून ते शिकले. २ ऑक्टोबर १९५० ला त्यांची 'पीनट्स' ही चित्रमालिका सुरू झाली आणि १३ फेब्रुवारी २००० ला शेवटची चित्रपट्टी आली. एकूण १७,८९७! दिवस मोजले तर सुमारे १८,००० भरतात. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे रोज एक, आणि तीही मदतनिसाशिवाय.

प्रवेश नाकारला गेला म्हणजे संपले असे नाही, हे या माणसांकडून शिकण्यासारखे आहे. पण तेवढेच शिकाल तर फसाल. नकार मिळालेले पुष्कळ असतात. या लोकांनी नकारानंतरही रोज पाहणे आणि रोज काढणे थांबवले नाही, आणि ठरलेल्या दिवशी काम संपादकाच्या टेबलावर पोचवले. छापखाना चित्रकाराच्या लहरीसाठी थांबत नाही. बरे चित्र वेळेवर देणाऱ्याला पुढचे काम मिळते. अप्रतिम चित्र आठवडा उशिरा आणणाऱ्याला मिळेलच असे नाही.

पैसा आणि करार

आता काकांच्या मूळ प्रश्नाकडे वळू. नोकरी असेल तर पगार ठरलेला. वर्तमानपत्रे, जाहिरातसंस्था, प्रकाशनसंस्था, ॲनिमेशन आणि खेळांचे स्टुडिओ येथे अशा नोकऱ्या असतात. परंतु पुष्कळ चित्रकार सुटी कामे करतात. त्यात एका महिन्यात चार कामे येतात, दुसऱ्या महिन्यात एकही येत नाही. म्हणून अनेक जण आरंभी शिकवणे किंवा दुसरी नोकरी यांची जोड ठेवतात. त्यात कमीपणा काही नाही.

चित्र कोणाचे, हा प्रश्नही तेवढाच मोठा. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन अमेरिकन तरुणांनी 'सुपरमॅन' निर्माण केला. १९३८ मध्ये त्यांनी तेरा पानांच्या त्या गोष्टीबरोबर सुपरमॅनचे सारे हक्क १३० डॉलरांना देऊन टाकले. सुपरमॅनने प्रकाशकांना अमाप पैसा मिळवून दिला. दोघे मात्र वर्षानुवर्षे कोर्टात भांडत राहिले. १९७५ मध्ये त्यांना वार्षिक मानधन आणि निर्माते म्हणून नाव मिळाले, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. त्या पहिल्या अंकाची एक प्रत २०१४ मध्ये ३२ लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकली गेली!

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यानुसार चित्राचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. नोकरीत काढलेल्या चित्रांना मात्र वेगळा नियम लागू होतो. वेगळे ठरले नसेल तर त्यांचा हक्क सहसा मालकाकडे जातो. म्हणून सही करण्यापूर्वी कागद वाचायचा आणि न समजलेली ओळ विचारायची. हातात कुंचला असणाऱ्यालाही हे आलेच पाहिजे.

यंत्र चित्रे काढू लागले तर?

गेल्या काही वर्षांत शब्दांत वर्णन केले की क्षणार्धात चित्र तयार करून देणारे संगणक-कार्यक्रम आले आहेत. चित्रकारांपुढचे हे आव्हान खरे आहे. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जेथे कसेही एखादे चित्र चालते, तेथे हे यंत्र चित्रकाराची जागा घेऊ शकते. आपल्या चित्रांवरून यंत्रे शिकवली गेली, पण आपल्याला विचारले नाही, अशी अनेक चित्रकारांची तक्रारही आहे.

पण आपला मूग आठवा. मूग रुजला की त्याच्या डाळिंब्या मातीच्या वर येतात. हरभरा रुजला की त्या मातीतच राहतात. मुगाच्या रोपाची पहिली दोन पाने साधी असतात; तीन पर्णिकांची पाने त्यानंतर येतात. ज्याने कुंडीपुढे बसून हे पाहिले आहे, त्याला यंत्राच्या किंवा माणसाच्या चित्रातील चूक चटकन कळेल. ज्याने पाहिले नाही, तो चुकीचे चित्रच पुस्तकात छापू देईल आणि हजारो मुले ते खरे मानतील. अचूक पाहिलेल्याची जबाबदारी घेणारा माणूस तेथे लागतोच.

आज काय कराल?

१. एक बिनरेघी वही सतत जवळ ठेवा. रोज पंधरा मिनिटे समोर दिसणारी वस्तू काढा: चप्पल, नळ, झोपलेले मांजर. आठवणीतून काढणे नंतर.

२. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षा शाळेतून देता येतात, त्या द्या. पुढे जे. जे.सारख्या कलासंस्था आहेतच. शिवाय अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि मुंबईच्या आय.आय.टी.तील आय.डी.सी. स्कूल ऑफ डिझाइन येथेही वाटा आहेत. त्यांच्या प्रवेशपरीक्षांची माहिती आतापासून काढा.

३. एखादा दुसरा विषय मनापासून शिका: पक्षी, इतिहास, यंत्रे, काहीही. सांगायला काही असेल तर रेषा उपयोगी पडेल.

४. हाती घेतलेले चित्र पुरे करा. शाळेच्या हस्तलिखिताची तारीख पाळून पाहा. ती सवय पुढे पगार देते.

५. दुसऱ्याच्या चित्राची नक्कल सरावासाठी खुशाल करा, पण तिच्याखाली स्वतःची सही करू नका.

आणि आता काकांसाठी एक काम. चार मूग आणि चार हरभरे दोन कुंड्यांत पेरा. दोन आठवडे रोज पाहा आणि प्रत्येकाची चार चौकटींची चित्रकथा काढा, एकही शब्द न लिहिता. मग ती काकांच्या हातात द्या आणि आपण गप्प बसा. दोन रोपांत काय फरक आहे, हे चित्र पाहून त्यांनी तुम्हाला बरोबर सांगितले, तर पहिली परीक्षा तुम्ही पास झालात. नाही सांगता आले, तर कोणत्या चौकटीपाशी ते अडले ते विचारा आणि तेवढी चौकट पुन्हा काढा. या धंद्यातली माणसे रोज हेच करीत असतात.